तुमची नदी कोणती?

न्यूझीलंडमधल्या व्हांगानुईला नोकरीवर रुजू झाले त्या आठवड्यात सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि एकेकाने ओळख करून द्यायची, असा कार्यक्रम होता. इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या रीतीच्या ओळखीला पेपेहा म्हणतात. आधी आपला डोंगर सांगायचा, मग आपली नदी, मग आपली माणसं, आणि स्वतःचं नाव शेवटी. माझी पाळी आली. डोंगर म्हणून मी सिंहगड सांगितला. नदी म्हणून मुठा सांगितली. शेजारी बसलेल्या वयस्कर बाईंनी लगेच, एखाद्याच्या आजारी आईची चौकशी करावी तसं विचारलं, "कशी आहे ती आता?"

मी पुण्याच्या नारायण पेठेत वाढले. ओंकारेश्वराजवळून नदी बघत बघत शाळेत जायचे. आता पाण्याचे नमुने तपासते. नद्यांची तब्येत वाचणं हीच माझी रोजीरोटी. तरी त्या बाईंना "बरी नाही" एवढंच सांगता आलं. पुढे आवाजच फुटेना.

त्या रात्री बाबांचा संकल्प आठवला. सत्यनारायण असो की गणपती, गुरुजी सांगायचे आणि बाबा त्यांच्या मागोमाग म्हणायचे: गोदावरीच्या दक्षिण तीरावर, कृष्णावेणीच्या उत्तर तीरावर. काळ, देश, नद्या, तिथी, मग गोत्र आणि नाव पार शेवटी. पेपेहाच की हा! आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आपला पत्ता नदीवरून सांगत आले. फक्त घरामागच्या मुठेचं नाव त्यात कधी आलं नाही. ज्या पळीतलं पाणी ताम्हनात सोडायचं ते खडकवासल्याचं, म्हणजे तिचंच होतं. नावं मात्र थोरल्या नद्यांची.

व्हांगानुई हे न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरचं लहान शहर. टोंगारिरोच्या उतारावरून निघून सुमारे २९० किलोमीटर वाहत आलेली नदी इथे समुद्राला मिळते. मार्च २०१७ मध्ये इथल्या संसदेने कायदा करून ह्या नदीला व्यक्तीचा दर्जा दिला. कायद्यात तिला माओरीत 'ते आवा तुपुआ' असं म्हटलं आहे: डोंगरापासून समुद्रापर्यंतचं एक अखंड, जिवंत अस्तित्व. तिच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमलेली असतात, एक सरकारच्या बाजूने आणि एक नदीकाठच्या माओरी जमातींच्या बाजूने. नदीच्या आरोग्यासाठी ३ कोटी डॉलरचा निधी वेगळा ठेवला, आणि जमातींवर झालेल्या अन्यायाची भरपाई म्हणून ८ कोटी डॉलर दिले.

पुण्यातल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्यांना वाटतं, श्रीमंत देशाचे चोचले. तसं नाही. ह्या लोकांनी १८७०च्या दशकापासून अर्ज केले आणि १९३८ पासून कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. आगबोटींना वाट हवी म्हणून त्यांचे वाम मासे धरायचे बांध मोडले, पात्रातली खडी उपसली, वरच्या अंगाचं पाणी वीजनिर्मितीकडे वळवलं. "मी म्हणजे नदी आणि नदी म्हणजे मी" ही त्यांची म्हण आहे, आणि ती म्हणत त्यांनी पिढ्या घालवल्या. कायदा त्या चिकाटीतून आला.

ह्या कायद्यावर शिक्कामोर्तब झालं ते २० मार्च २०१७ ला. त्याच दिवशी नैनितालला उत्तराखंडच्या हायकोर्टाने गंगा आणि यमुनेला व्यक्ती ठरवलं. एकाच तारखेला, पृथ्वीच्या दोन टोकांना! मला अजूनही त्या योगायोगाने शहारा येतो. पण जुलैमध्येच सुप्रीम कोर्टाने आपल्याकडच्या निकालाला स्थगिती दिली. राज्य सरकारचं म्हणणं होतं की नदी कितीतरी राज्यांतून वाहते, एकट्या उत्तराखंडने तिचं पालकत्व कसं निभवायचं? आणि पुरात कुणाचं नुकसान झालं तर दावा कुणावर लावायचा? प्रश्न रास्त होते. मला जास्त खटकलं ते पालक कोण नेमले होते ते. राज्याचे मुख्य सचिव, महाधिवक्ता आणि नमामि गंगे योजनेचे संचालक. ज्यांच्या कामाबद्दल नदीने तक्रार करायची, तेच तिचे पालक.

आता पुण्याकडे येते. आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली तीन-चार वर्षं एकच वाद धुमसतो आहे, नदीकाठ सुधार प्रकल्पाचा. मुळा आणि मुठेचा मिळून सुमारे ४४ किलोमीटरचा काठ बांधून काढायचा, वर फिरायला रस्ते, बागा, घाट. मार्च २०२२ मध्ये भूमिपूजन झालं. एप्रिल २०२३ मध्ये झाडं तोडायच्या विरोधात पुणेकर मोठ्या संख्येने नदीकाठी उतरले आणि झाडांना मिठ्या मारून उभे राहिले.

माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, बांधकामातला माणूस आहे. तो प्रकल्पाच्या बाजूचा. "नदीचं गटार आधीच झालंय. लोक नाक दाबून पुलावरून जातात. काठावर चार माणसं फिरायला लागली की तिच्याकडे लक्ष तरी जाईल." ह्यात तथ्य आहे. इथे व्हांगानुईत शनिवारचा बाजार नदीकाठीच भरतो, मी भाजी तिथेच घेते, आणि पाणी गढूळ दिसलं की भाजीवालीसुद्धा बोलून दाखवते. नदीपर्यंत पोचताच येत नसेल तर माणूस तिला विसरतो.

समोरची बाजू माझ्या मावसबहिणीची. तिचं म्हणणं, काठ भरून, भिंती बांधून पात्र आवळलं तर पाऊस झाल्यावर पाणी जाणार कुठे? काठावरचे करंज, उंबर, वाळुंज गेल्यावर तिथे राहणाऱ्या पाखरांनी काय करायचं? २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतल्या पुराची ती लाल रेषा. ह्या रेषा नकाशावर असतात, राडारोड्याचे ट्रक मात्र रात्री त्या ओलांडून येतात. मी तिच्या बाजूची आहे, हे उघडच सांगते. आधी मैलापाणी थांबवा, मग काठ सजवा. जपानी कर्जातून मैलाशुद्धीकरणाची ११ केंद्रं उभी करायची योजना २०१६ पासूनची आहे. तो क्रम पाळला असता तर निम्मं भांडण झालंच नसतं.

पण दोघांचं ऐकताना मला सारखं जाणवतं की दोघंही माणसांबद्दलच बोलतायत. एकाला फिरायला नदी हवी, दुसरीला श्वास घ्यायला. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते, आणि उजनीचं पाणी सोलापूरच्या नळाला येतं. आपल्या संडासातून निघालेलं पाणी तिकडच्या माणसांच्या हंड्यात आणि भिगवणच्या रोहित पक्ष्यांच्या चोचीत जातं. नदीकाठ सुधारायच्या चर्चेत सोलापूरकर नव्हते, मग रोहित पक्ष्यांचं काय घेऊन बसलात.

मागच्या खेपेला डिसेंबरात पहाटे कवडीपाटला गेले होते. लोणी काळभोरजवळचा तो जुना बंधारा. धुक्यात चक्रवाकांची जोडी उतरली. शेकाट्यांनी आपल्या लांब लाल काड्यांसारख्या पायांनी बंधाऱ्याच्या कडेला चालायला सुरुवात केली. त्यांच्या पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांची चिंध्यांसारखी झालर, बाजूला फेसाचे गोळे, आणि जलपर्णीवर अडकलेली एक चप्पल. एक शेकाट्या पिशवीखाली चोच घालून काहीतरी शोधत होता. त्याला काहीतरी मिळालं. ते त्याने गिळलं. मी दुर्बीण खाली ठेवली.

गेल्या काही दशकांत जगभर एक विचार जोर धरतो आहे, त्याला मराठीत मानवोत्तर विचार म्हणता येईल. नाव जड आहे, गाभा साधा आहे. युरोपाने तीन-चारशे वर्षं माणसाला मधोमध बसवलं आणि बाकी सगळं, नदी, जंगल, जनावर, त्याच्या उपयोगाची सामग्री मानलं. हवामान बिघडलं, साथी आल्या, तेव्हा लक्षात आलं की ही मांडणीच चुकली आहे. माणूस वेगळा असा नाहीच, तो जिवाणूंशी, पाण्याशी, यंत्रांशी गुंतलेला आहे. आपल्या शरीरात आपल्या पेशी जितक्या, जवळपास तितकेच जिवाणू असतात.

हे पुस्तकी वाटत असेल तर २०२५ चा जानेवारी आठवा. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ह्या भागांत जीबीएसचे, म्हणजे गुलेन-बॅरे सिंड्रोम ह्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण सापडू लागले. आकडा दोनशेच्या वर गेला. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडले, काहींना व्हेंटिलेटर लागला. संशय दूषित पाण्यावर गेला, आणि काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. त्याच्या बाहेरच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जिवाणूवर तुटून पडतं आणि त्या भरात आपल्याच नसा जाळतं. आपलं काय आणि परकं काय, हे शरीरालाच ओळखू येत नाही. मी हे कामाच्या टेबलावर वाचत होते, शेजारी व्हांगानुईच्या पाण्याची बाटली होती, आणि मामा-मामी त्याच रस्त्यावर राहतात. नदी आणि आपण वेगळे नाही, हे मला त्या दिवशी भीतीतून कळलं.

"हे सगळं आपल्याकडे आधीपासूनच आहे, आपण नदीला आई मानतो," असं ग्रुपवर कुणीतरी म्हणतंच. मला ह्या वाक्याचा खरोखर त्रास होतो, कारण मीही लहानपणी नदीला नमस्कार करूनच मोठी झाले. आळंदीला इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगत असतात आणि वारकरी त्यातच डुबकी मारून ओंजळभर तीर्थ घेतात. त्यांची श्रद्धा खरी आहे, त्यापुढे मी मान झुकवते. पण वर फेस सोडणाऱ्यालाही ती आईच वाटते. आई पोटात घालते, तोंडातून शब्द काढत नाही, हे त्यानेही गृहीत धरलेलं आहे.

आपल्या जुन्या रीतीत मात्र नुसती माया नव्हती, धाकही होता. डोहावर साती आसरा असायच्या, तिथे उगाच उतरायचं नाही. मुळशी, वेल्हे, भोरच्या देवराया बघा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक ह्यांनी १९७०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. तिथे पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, देवाचं झाड म्हणजे देवाचं. ही माणसाच्या हाताला घातलेली वेसण होती. आज देवळाला रंग लागतो, स्लॅब पडतो, आणि वेसण सुटते. भक्ती उरली, बंधन गेलं.

आणि कायद्याचं म्हणाल, तर आपल्या कायद्याला ह्यात नवीन काही नाही. देवाच्या नावावर सातबारा असतो. १९२५ मध्ये कलकत्त्याच्या एका घराण्यातल्या वादात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यांत वरच्या कोर्टाने, मूर्तीला कायद्यातली व्यक्ती मानलं, तिच्या इच्छेचा विचार व्हायला हवा म्हटलं, आणि ज्याचा त्या भांडणात स्वार्थ नाही असा माणूस तिच्या वतीने उभा करायला सांगितलं. स्वार्थ नसलेला माणूस! उत्तराखंडात नेमकं हेच राहून गेलं. कंपनी कायद्याने व्यक्ती असते, देव असतो, मग ज्या नदीचं पाणी पिऊन हे शहर उभं आहे ती का नाही? आईला कुणी नोटीस पाठवत नाही. पक्षकाराला पाठवावी लागते, त्याचं म्हणणं नोंदवावं लागतं, ते फेटाळलं तर कारण लिहावं लागतं. मुठेला मला आता हे मिळालेलं बघायचं आहे.

हिंजवडीतला माझा भाचा वेगळाच सूर लावतो. त्याच्या मते भविष्य मशीनचं आहे. नदीत सेन्सर टाका, तिची हुबेहूब डिजिटल प्रतिकृती बनवा, एआय सांगेल कधी किती पाणी सोडायचं ते. त्याच्या पिढीत मानवोत्तर म्हटलं की हेच समजतात: शरीराच्या, आजाराच्या, शेवटी मरणाच्याही पलीकडे जाणारा माणूस. तो हुशार मुलगा आहे आणि सेन्सर मलाही हवेत. पण ही तर पुन्हा तीच जुनी गोष्ट झाली, माणूस मधोमध, फक्त आणखी मोठा. त्याचं ते क्लाउडसुद्धा कुठल्यातरी इमारतीत असतं, त्याला थंड ठेवायला वीज आणि पाणी लागतं. शिवाय आकडे आजही आहेत. मी रोज आकडेच काढते. पुण्याच्या नदीचा आकडा अहवालात जाऊन बसतो. इथे माझ्या टेबलावरचा आकडा बिघडला तर तो नदीच्या वतीने बोलणाऱ्यांपर्यंत जातो, आणि ते विचारायला येतात.

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. व्हांगानुईचं पाणी खालच्या अंगाला तपकिरीच आहे; डोंगरउतारावरची झाडं तोडून मेंढ्यांची कुरणं केली, तिथली माती दर पावसात वाहून येते. जोराच्या पावसानंतर विष्ठेतून येणारे ई. कोलाय जिवाणू इतके वाढतात की पोहायला बंदी असते. वीजनिर्मितीकडे वळवलेलं पाणी कायद्यानंतरही वळवलेलंच आहे. राजकारणही पालटतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये माओरी हक्कांवर घाला येतोय म्हणून देशभरातून मोर्चा वेलिंग्टनला गेला, माझ्यासोबत काम करणारी निम्मी माणसं त्यात होती. पण जानेवारी २०२५ मध्ये तारानाकी पर्वतालाही संसदेने व्यक्तीचा दर्जा दिला, सर्व पक्षांच्या मतांनी. आणि इथल्या बंदराची डागडुजी करायला घेतली, तेव्हा नदीची तत्त्वं कागदावर आधी मांडली गेली. नदी बरी व्हायला आताच्या पोराटोरांचं आयुष्य जाईल. तिला विचारायची सवय मात्र लागली आहे.

दादाचा सगळ्यांत जड आक्षेप वेगळा आहे. "मार्च २०२२ नंतर काही वर्षं पुण्यात नगरसेवकच नव्हते. माणसांना प्रतिनिधी मिळेना आणि तू नदीला द्यायला निघालीस. पाटील इस्टेट, ताडीवाला रोडच्या वस्त्यांत दर पावसाळ्यात माणसं पाण्यात बसतात, आधी त्यांचं बघ." ह्यावर मी बरेच दिवस विचार केला. नदीच्या नावाखाली गरिबांच्या झोपड्या उठवल्या जातील ही भीती खोटी नाही. नदीकाठ मोकळा करा म्हटलं की पहिला बुलडोझर टॉवरवर जात नाही. पण व्हांगानुईत नदीची बाजू लढवली ती ज्यांची जमीन गेली त्याच लोकांनी. नदीच्या वतीने बोलणारा माणूस नदीच्या पाण्यात बसलेला असेल, तर नदीचा हक्क आणि त्याचा हक्क ही दोन भांडणं राहत नाहीत.

माझी मामी एका सोसायटीत तळमजल्यावर राहते. २५ जुलै २०२४ च्या पहाटे धरणातून विसर्ग वाढला आणि पाणी तिच्या बिछान्यापर्यंत आलं, तोवर कुणी काही कळवलं नव्हतं. मामांची औषधं, फ्रिज, गॅसची शेगडी, लग्नातला शालू, सगळं गेलं. त्या दिवशी विसर्ग ३५ हजार क्युसेकपर्यंत गेला होता. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चार धरणं मिळून २९.१५ टीएमसी पाणी. ते किती भरलंय हे पुण्यातलं शेंबडं पोरही सांगेल. खालच्या माणसाला केव्हा सांगायचं, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा मामीने मला स्वयंपाकघराची चौकट दाखवली. नातवंडांची उंची मोजून पेन्सिलीने काढलेल्या रेघा होत्या, प्रत्येकीपुढे नाव आणि तारीख. त्यांच्यामध्येच, सहा वर्षांच्या नातीच्या रेघेच्या चार बोटं वर, तिने आणखी एक रेघ काढली होती. पुढे लिहिलं होतं: मुठा, २५ जुलै.

नातवंडांच्या रांगेत तिने नदीचं नाव लिहिलं होतं. मी कितीतरी वेळ त्या चौकटीपाशी उभी राहिले. आजी सांगायची, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पेठांतल्या भिंतींवर पुराच्या अशाच खुणा उरल्या होत्या.

मागच्या आठवड्यात मी ग्रुपवर सगळ्यांना विचारलं: समजा, मुठेला दोन माणसं द्यायची, तिच्या वतीने बोलायला, ज्यांना विचारल्याशिवाय पुलाची, भरावाची, विसर्गाची एकही फाईल पुढे सरकणार नाही. तर कोण? दादाने एका निवृत्त अभियंत्याचं नाव सुचवलं. मावसबहिणीने पक्षी बघणाऱ्या एका प्राध्यापिकेचं. भाच्याने नुसता अंगठा दाखवला. रात्री उशिरा मामीचा निरोप आला: "तळमजल्यावर राहणारं कुणीतरी घ्या. आणि दुसरं उजनीकडचं."

तू होशील का, मी लगेच विचारलं. तिने अजून उत्तर दिलेलं नाही. जून तोंडावर आलाय, आणि ती डबे माळ्यावर चढवतेय.